फिलू उठली की

फिलूच्या नवऱ्याचा, इनासभाऊंचा फोन आला तेव्हा मी आमच्या इमारतीच्या खाली पंपाशी उभी होते. चंदनसारला आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे माझी रविवारची सकाळ तिथेच जाते. "बाई, फिलू उठत नाही," ते म्हणाले. मला वाटलं, ती पलंगावरून उठत नाहीये, नेहमीची चक्कर असेल. मी विचारलं, "प्रेशर बघितलंत का?" बाजूला उभ्या असलेल्या वॉचमनला वाटलं मी नळाचं विचारते आहे. तो म्हणाला, "आज प्रेशर नहीं है मॅडम." तेवढ्यात पलीकडून इनासभाऊ म्हणाले, "घरी नाही, बाई. चर्चमध्ये. गुडघ्यावरच आहे ती. सगळे गेले आणि ही..." तिला आडवं करा, पाणी पाजू नका, मी गाडी पाठवते, एवढं सांगून मी फोन ठेवला आणि ॲम्ब्युलन्सला लावला. तिसऱ्या दिवशी फिलू हॉस्पिटलमध्येच वारली. मधल्या काळात तिने डोळे उघडले नाहीत, त्यामुळे शेवटची भेट म्हणावी असं काही झालं नाही.

फिलोमिना आणि मी विरारच्या एका मराठी शाळेत बरोबर शिकवत होतो. ती मराठी शिकवायची, मी गणित. तिचं माहेर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातलं, सासर वटारच्या बागायतदार घरातलं. लहानपणी तीसुद्धा घरात 'पानी'च म्हणायची. म्हणूनच असेल, वर्गात कुणी 'पानी' म्हटलं की ती खडू खाली ठेवायची. "पाणी. जीभ वर टाळूला लाव. ण. बाणाचा ण." मुलगा तिसऱ्यांदाही 'पानी'च म्हणाला की म्हणायची, "बरं, पी ते आणि परत ये." एकदा स्टाफरूममध्ये मी तिला म्हटलं, अगं, कळलं ना त्याला काय प्यायचंय ते, मग पुरे की. तर म्हणाली, "सुनंदे, तुझ्याकडे दोन अधिक दोन जवळजवळ चार चालतात का?" तिच्या आईला बाजारात बायका 'पानीवाली' म्हणून हसायच्या, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही सहज, पेपर तपासता तपासता.

वटारला मी पहिल्यांदा गेले ती तिच्या दिराच्या लग्नाला. मी तोवर कधी चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. तिथे सगळे एकदम उठतात, एकदम बसतात, एकदम गुडघे टेकतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. मी दोनदा चुकले. सगळे बसलेले आणि मी एकटी उभी, तीही नारायणपेठ नेसून. फिलूने माझा पदर धरून मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "माझ्याकडे बघ. मी उठले की ऊठ, मी बसले की बस. मध्ये स्वतःचं डोकं चालवू नको." त्यानंतर तिच्याकडची लग्नं झाली, बारसं धरून किती समारंभ झाले, नाताळच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थना, झाल्या, दोन अंत्यविधी झाले. मी दर वेळी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या गुडघ्यांवर नजर ठेवून सगळं पार पाडलं. एवढ्या वर्षांत कधी काय करायचं हे मी शिकू शकले असते, पण गरजच पडली नाही. ती होती ना.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी पावसाळा संपता संपता तिला पहिला झटका आला. सकाळी भाजी चिरताना सुरी हातातून पडली. तिने ती उचलायला हात पुढे केला तर हात सुरीच्या बाजूला जाऊन पडला. इनासभाऊ बागेत होते. त्यांना हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि वेगळाच काहीतरी आवाज आला. या बाईने तोपर्यंत आयुष्यात एकदाही बीपी तपासलं नव्हतं. मला काय झालंय, हे तिचं ठरलेलं वाक्य. हॉस्पिटलात पट्टा बांधला तर आकडा असा होता की नर्सने पुन्हा बांधून बघितला. पुढे मानेची सोनोग्राफी झाली. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या दोन मोठ्या नसांपैकी डावी जवळजवळ बंद होती आणि उजवी अर्ध्याहून जास्त भरलेली.

पहिले काही दिवस तिथल्या मेंदूच्या डॉक्टर, तरुण बाई होत्या, प्रेशर कमी करायचं औषधच देईनात. इनासभाऊंचा संताप झाला. शांत माणूस, केळीच्या रोपांशीसुद्धा हळू बोलणारा, पण कॉरिडॉरमध्ये ओरडला, "एवढं प्रेशर चढलंय आणि तुम्ही नुसतं बघत बसलाय? डोळ्यांसमोर फुटू द्यायची का तिला?" डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काका, बागेला पाणी पाइपाने देता ना? पाइप आतून गाळाने भरला आणि शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचवायचंय, तर पंप कमी कराल का?" मला तर लगेच कळलं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खालून जोर आहे म्हणून वर धार येते आहे. जोर आज काढून घेतला तर वरचा मजला कोरडा. "मग असंच चढलेलं ठेवायचं?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "कायम असा जोर ठेवला तर पाइप फुटेल. हळूहळू उतरवायचं. किती उतरवायचं ते..." आणि इथे त्या थांबल्या. त्यांचं ते थांबणं माझ्या लक्षात राहिलं आहे. पुढचे सगळे महिने आम्ही त्या थांबण्यातच काढले.

नस उघडायच्या ऑपरेशनसाठी मुंबईला दाखवलं. बंद झालेल्या बाजूला आता हात घालून उपयोग नाही आणि दुसऱ्या बाजूला घालण्यात जोखीम मोठी, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. त्यांनी हे फार सभ्यपणे सांगितलं. येताना गाडीत फिलू खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

बोलणं परत आलं ते विचित्र क्रमाने आलं. आधी आलं ते कोळीवाड्यातलं. जे शब्द तिने सहाव्या-सातव्या वर्षी बोलून पुढे सासरी आणि शाळेत बाजूला ठेवले होते, ते पुढे आले आणि वर्गात शिकवलेलं मराठी मागे राहिलं. मी जायची तेव्हा ती भडाभडा काहीतरी सांगायची आणि मला निम्मं कळायचं नाही. इनासभाऊ मध्ये बसून अर्थ सांगायचे, त्यांचीही गंमतच, कारण त्यांच्या वटारच्या घरातली बोली आणखी वेगळी. एक दिवस मी तिच्या पलंगाशी बसले होते. तिला तहान लागली. तिने ग्लासाकडे बोट केलं आणि म्हणाली, "पानी." मग थबकली. तिने ते ऐकलं होतं. पुन्हा म्हणाली, "पानी." जीभ वर न्यायचा प्रयत्न करत होती, ओठ वेडावाकडा होत होता, आणि 'ण'च्या जागी 'न'च यायचा. मी तिच्या हातात ग्लास दिला आणि म्हटलं, "बरं, पी ते आणि परत ये." ती हसली. हसताना अर्धं पाणी गाऊनवर सांडलं, आणि मग बराच वेळ तिचे डोळे वाहत राहिले. ती रडत होती की नुसते डोळे वाहत होते, ते त्या दिवसांत ओळखता येत नसे.

ख्रिसमसपर्यंत ण आला. वाक्यं आली. उजवा हात कामापुरता चालायला लागला. लोक म्हणायचे, चमत्कार झाला. पण घरात एक नवीनच पेच उभा राहिला होता. गावातले डॉक्टर, जे इनासभाऊंच्या वडिलांपासून घरचे, ते म्हणायचे प्रेशर अजून वर आहे, गोळी वाढवा, नाहीतर दुसरा झटका ठरलेला. गोळी वाढवली की आकडा सुंदर यायचा. आणि आकडा सुंदर आला की फिलू विरून जायची. वाक्याच्या मध्यात शब्द हरवायचा, उठली की डोळ्यांपुढे अंधारी, दुपारभर नुसती बसून. मेंदूच्या डॉक्टर म्हणायच्या, यांच्या मानेला हे प्रेशर कमी पडतंय, गोळी अर्धी करा. अर्धी केली की फिलू पुन्हा फिलू व्हायची, मला टोमणे मारायची, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने गोल करायची. आणि आकडा चढलेला. जानेवारीत असाच चढला तेव्हा डोकं भयंकर दुखलं, पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा फोटो, मेंदूत बारीकसा रक्तस्राव निघाला. गोळी परत पूर्ण.

मी गणिताची बाई आहे. दोन मर्यादांच्या मधलं उत्तर शोधायचं असतं एवढं मला कळतं. मी दोन्ही डॉक्टरांना एकाच दिवशी जाऊन भेटले आणि विचारलं, मधला आकडा कोणता? गावातल्या डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच्या बराच वरचा सांगितला आणि म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? दोन्ही बाजूंनी नसा अशा असलेल्या पेशंटला नेमकं किती ठेवावं, हे छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. प्रत्येकाचं बघत बघत जावं लागतं." मला त्यांचा राग आला नाही. खोटं बोलल्या असत्या तर आला असता. पण फिलूच्या दोन मर्यादांच्या मध्ये जागाच नव्हती, हे मला त्या दिवशी रिक्षातून येताना समजलं. वरची मर्यादा खाली होती आणि खालची वर. असं समीकरण वर्गात आलं तर आपण लिहितो, उकल नाही, आणि पुढचं घेतो.

तिला हे मी सांगायची गरजच नव्हती. "चांगलं प्रेशर म्हणजे मी मठ्ठ, वाईट प्रेशर म्हणजे मी हुशार," ती म्हणायची. "आयुष्यभर मुलांना उलटं शिकवलं, चांगले गुण मिळवा म्हणून." एकदा तिने इनासभाऊंना सरळ सांगितलं की मला कमी दिवस चालतील, पण ते बोलता येणारे दे. इनासभाऊ उठून बागेत गेले. परत आले ते हातात वेलची केळ्यांचा घड घेऊन, आणि म्हणाले, "ही पिकली की खायची आहेत तुला. तेवढं तरी थांब." मूलबाळ नसलेली ही दोन माणसं, एकमेकांशी इतपतच बोलायची. गोळी पूर्णच राहिली. मिठाशिवायचं जेवण राहिलं. कोळ्याची मुलगी, सुकटीचा वास शेजारून आला तरी मान वळवून बघायची, म्हणायची, "ही मानच कापून टाका, तिच्यातच सगळी अडचण आहे."

उठताना चक्कर येते म्हणून तिला एक शिस्त लावून दिली होती. पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला थोडं बसायचं, मग उठायचं. थोडं म्हणजे किती? घड्याळ बघायला विसरते म्हणून तिनेच माप ठरवलं, एक नमो मारिया. मनात ती प्रार्थना पूर्ण म्हणायची आणि मग उठायचं. घरात हे छान जमलं. इनासभाऊ दारात उभे राहून ओठांकडे बघायचे आणि संपलं की हात पुढे करायचे. चर्चमध्ये मात्र माप चालत नाही. तिथे सगळे एकदम उठतात. फादर घरी आले होते, म्हणाले, टीचर, तुम्ही बसून राहा, आजाऱ्याला सूट आहे, कडेला खुर्ची ठेवतो. मी तिथेच होते. फिलूने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हिच्यासारखी बसू होय, लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी?" फादर हसले, मीही हसले. खुर्ची ठेवली गेली. ती एकदाही तिच्यावर बसली नाही.

आम्ही शेवटचं बोललो ते तिच्या ओटीवर, ती जायच्या दोन आठवडे आधी. प्रेशर उत्तम होतं, म्हणजे ती वाईट होती. तिने मला विचारलं, "सुनंदे, माझं मराठी किती उरलं असेल? मार्क दे." मी म्हटलं, साठ. "खरं सांग." मी म्हटलं, पंचेचाळीस. तिने मान हलवली. "पास आहे म्हणजे." मग काहीतरी सांगायला लागली, घराच्या मागे काय आहे त्याविषयी, आणि 'विहीर' हा शब्द तिला सापडेना. हाताने खोल दाखवत होती, दोर ओढून दाखवत होती. मी शब्द सांगितला नाही, तिला ते आवडत नसे, तिचा तिला शोधू द्यायचा हा नियम होता. आम्ही दोघी बसून राहिलो. तिला तो मिळाला नाही. मी निघाले तेव्हाही ती त्याच्याच मागे होती...

त्या रविवारी उपासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचे दिवस. इनासभाऊ नको म्हणत होते, ती ऐकली नाही. वटारच्या चर्चमध्ये जुनी माणसं अजून बाया एका बाजूला आणि बाप्ये एका बाजूला असे बसतात. कम्युनियनचा प्रसाद घेऊन आल्यावर जो तो आपल्या जागी गुडघे टेकून, पुढच्या बाकावर कपाळ ठेवून, आपलं आपलं मागणं मागतो. फिलूनेही टेकवलं. मग फादर उभे राहिले, सगळे उभे राहिले, फिलू राहिली नाही. शेवटचा आशीर्वाद झाला, गाणं झालं, लोक निघाले. शेजारची बाई तिला धक्का लागू नये म्हणून आपले पाय आवरून दुसऱ्या बाजूने गेली. धर्मशिक्षणाला आलेली पोरं आत कलकलत होती, त्यांना कुणीतरी दटावलं, गप्प बसा, टीचर प्रार्थना करतायत. पंखे बंद करणाऱ्या माणसाने सगळे बंद केले आणि तिच्या डोक्यावरचा तेवढा चालू ठेवला. इनासभाऊ फाटकाशी स्कूटरजवळ उभे होते, कुणाशी तरी केळीच्या रोपांचं बोलत. त्यांनाही वाटलं, आज हिचं मागणं लांबलंय. लांबण्यासारखं मागणं होतंच तिच्याकडे.

इतकी माणसं तिच्या जवळून गेली, आणि प्रत्येकाने तिच्याशी चांगुलपणाच केला. रस्त्यात बसली असती तर कुणीही हलवून विचारलं असतं, टीचर, काय झालं? आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच बाकावर, डोकं टेकवून बसलेल्या माणसाला वटारमध्ये कोण हलवणार?

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तेच कॉरिडॉर, त्याच डॉक्टर. प्रेशर फार खाली गेलं होतं. आता ते वर चढवायचं औषध चाललं होतं. इतके महिने जे गोळ्या घालून उतरवलं, ते सलाइनमधून परत चढवत होते. इनासभाऊ काचेतून त्या आकड्याकडे बघत उभे होते. तो थोडा चढला की म्हणायचे, "चढलं." एवढंच. मी डॉक्टरांना विचारलं, लगेच लक्षात आलं असतं तर? त्या म्हणाल्या, "उजवी नस बंद झाली आहे. लगेच आणलं असतं तरी मी फार काही..." आणि पुन्हा थांबल्या. त्यांचं वय माझ्या विद्यार्थिनींएवढं. मी त्यांना म्हटलं, ठीक आहे, कळलं.

दफन झालं त्या संध्याकाळी घरातली गर्दी ओसरल्यावर इनासभाऊंनी मला विचारलं, "बाई, मी कुणाचं ऐकायला हवं होतं? गावातल्या डॉक्टरांचं की मोठ्या डॉक्टरांचं?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "तुम्ही गणिताच्या." मी म्हटलं, "भाऊ, याला उत्तर नव्हतं." त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते, आणि त्यांना बरं वाटलंही नाही. लोक म्हणतात, प्रार्थना करता करता गेली, भाग्यवान. मी तसं म्हणणार नाही. ती प्रार्थनेत गेली नाही, हॉस्पिटलात नळ्या लावून गेली, आणि गुडघ्यांवर होती तेव्हा ती काय मागत होती हे कुणाला ठाऊक नाही. कदाचित तो विहिरीचा शब्द शोधत असेल.

मागच्या आठवड्यात तिची महिन्याची मिस्सा झाली. मी सकाळची पाण्याची वेळ दुसऱ्यांवर सोपवून वटारला गेले. बायांच्या बाजूला तिच्याच बाकावर बसले, तिची कडेची जागा मोकळी ठेवून. कडेला भिंतीशी ती खुर्ची होती, कुणी हलवलेली नाही. समोरच्या बाया उठल्या तेव्हा मी उठले, बसल्या तेव्हा बसले. कम्युनियनच्या वेळी सगळे पुढे गेले, परत आले, गुडघे टेकले. मीही टेकले आणि त्यांच्यासारखं पुढच्या बाकावर कपाळ ठेवलं. तसं ठेवलं की समोरचं काही दिसत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. डावीकडे तेवढं दिसतं. मी डावीकडे बघत राहिले, तिथे तिचे गुडघे असायचे.

सगळे कधी उठले ते मला कळलं नाही. मला जेव्हा ऐकू आलं तेव्हा गाणं संपत आलं होतं. शेजारची बाई माझ्या मागून, पाय न वाजवता, दुसऱ्या बाजूने निघून गेली होती. तिने मला हलवलं नव्हतं.